तारेचे सात पीळ

मी, केरू रावजी मांडवकर, वय वर्षे त्रेचाळीस, धंदा संगमरवर कापणे व बसवणे, मूळ राहणार मौजे पालकोंड, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम लेबर कॅम्प, सोनापूर, ज्याला सरकारी कागदात मुहैस्नाह म्हणतात, दुबई, आज शुक्रवार दिनांक ५ डिसेंबर २००३ रोजी हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. छाती नाही. डॉक्टरने फोटो उजेडाला धरून दाखवले की दोन्ही फुप्फुसांत दगडाची पूड बसली आहे, आणि ती धुऊन निघत नाही. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. दारू प्यालेलो नाही. ती बारा वर्षांत चारदा प्यालो आणि चारही वेळा पस्तावलो. यापूर्वी मृत्युपत्र केले नव्हते, कारण ठेवून जाण्यासारखे काही आपल्याकडे आहे असे वाटत नव्हते.

१. हे मृत्युपत्र माझ्या घरी उघडू नये. ते प्रथम दाभोळला हनीफ दाऊद परकार यांच्या घरी, त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचावे. हनीफभाई आमच्या साइटवर परांची बांधणाऱ्यांचे फोरमन होते. पाच वर्षे झाली, आपल्या हातून एक माणूस मेला असे ते समजून आहेत. तो त्यांच्या हातून मेला नाही. त्यांना हे कळावे एवढ्यासाठी हा कागद आहे, बाकीची कलमे केवळ रीत म्हणून आहेत. हनीफभाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकल्याशिवाय खालच्या कलमांतली एक थापीसुद्धा कोणी उचलू नये.

वाचण्याचे काम रफिक करील. तो माझ्या वरच्या बेडवर झोपतो, एसी दुरुस्त करतो, त्याचे घर दापोलीत आहे. तो २००१ साली आला, म्हणून त्याला यातले काही ठाऊक नाही. माझे तिकीट १२ तारखेचे आहे. कोणी म्हणेल, मग तू स्वतःच खाडी ओलांडून जा आणि सांग. जगलो तर जाईन. पण सांगेन असा भरवसा मला माझा नाही. का नाही, ते कलम ६ मध्ये येईल.

२. पालकोंडचे चार खोल्यांचे घर, वरच्या स्लॅबसह, आणि घरामागची अकरा गुंठे जमीन माझी पत्नी रंजिता हिला. तिच्यानंतर मुलगी मनाली हिला. माझ्या थोरल्या भावाने पाणंदीत सात फूट आत येऊन गोठा बांधला आहे. तो म्हणतो चारच फूट. मी १९९९ साली सुट्टीवर असताना टेप लावून मोजले आहे. गोठा पाडू नये, म्हैस बिचारी कुठे जाईल. पण सात फूट आहेत एवढे त्याने एकदा रंजितासमोर तोंडाने कबूल करावे.

मनालीला शिकवावे. तिला फोनवर माझ्याशी काय बोलावे ते सुचत नाही, हे मला माहीत आहे. तिचा त्यात दोष नाही. मी तिला एकूण अकरा महिने पाहिले आहे.

३. रत्नागिरीच्या बँकेत जी मुदत ठेव आहे ती रंजिताला नाही. ती सगुणा किसन जोगळे, राहणार आमच्याच तालुक्यातली, हिला द्यावी. रंजिता विचारील ही सगुणा कोण. शंका घेऊ नये. ती कबड्डीत माझ्या शेजारी खेळणाऱ्या किसनची बायको. नवरा साइटवर परांचीवरून पडून गेला म्हणून तिला कंपनीकडून भरपाई मिळाली. हा कागद बाहेर आल्यावर ती भरपाई कोणी परत मागितली, तर तिच्या पोरांच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणून ही तजवीज आहे. रंजिता, तुला राग येईल. तो माझ्यावर धर, तिच्यावर धरू नकोस.

४. हत्यारे. कटर मशीन, पाणसळ, दोन थाप्या, रबरी हातोडा आणि डायमंडची तीन पाती, ही सर्व रफिकने विकावीत किंवा ठेवावीत. कटर चालवायचे झाल्यास तोंडाला फडके बांधून चालवू नये, त्याचा उपयोग होत नाही. पाणी सोडून चालवावे. मला हे कोणी सांगितले नाही असे नाही. पाण्याने काम हळू होते, एवढेच.

५. क्लब. आता लिहिण्यासारखे येते.

आमच्या कबड्डीच्या संघाचे नाव जय भैरी. सगळी पोरे गुहागर-दापोलीकडची, एकाच कंपनीची. कंपनीचे नाव लिहीत नाही. १९९१ च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा उतरलो आणि २००२ च्या एप्रिलात थांबलो. मैदान म्हणजे कॅम्पमागची वाळू. गुरुवारी संध्याकाळी ती खडीच्या चाळणीने चाळायची, टँकरचे पाणी मारायचे, चुन्याने रेघा ओढायच्या. शुक्रवारी सकाळी कप्तान वासुदेव नारळ घेऊन गाऱ्हाणे घालायचा आणि आम्ही सगळे ‘होय महाराजा’ म्हणायचो. वाळवंटात कोकणातला देव ऐकायला येतो का, असे पठाण लोक विचारायचे. आम्हाला वाटायचे येतो.

मी डावा कोपरा. कोपऱ्याने चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा आणि शेजारच्याचा हात सोडायचा नाही. हातांची साखळी तुटली की माणूस निसटून जातो. शेजारी किसन. सहा वर्षे दर शुक्रवारी त्याचा डावा हात माझ्या उजव्या हातात. त्याच्या अंगठ्याला खिळा लागल्याची खूण होती, ती अंधारातही मला ओळखता आली असती. केरू हात सोडत नाही, असे सारा कॅम्प म्हणायचा. मला ते ऐकून बरे वाटायचे.

जेबेल अलीच्या एका क्लबने मला तीनदा बोलावले. व्हिसा बदलून देतो, फोरमन करतो, दोघांची खोली देतो. मी गेलो नाही. शेवटी क्लबने मला एकनिष्ठ खेळाडू म्हणून पितळी ढाल दिली. वासुदेव भाषणात म्हणाला की असा माणूस होणे नाही. मी रंजिताला फोन करून सांगितले. ती म्हणाली, “पगार वाढला का?”

मी म्हटले, “नाही.”

“मग ढाल कशाला?”

तिचे बरोबर होते. पहिली सहा वर्षे मी हौसेने राहिलो. पुढची चार वर्षे मी राहिलो कारण वासुदेव तिथे होता. त्याने माझ्यावर नजर ठेवायची, मी त्याच्यावर, असा आमचा न बोललेला करार होता. बाकीचे जे कलम ६ मधल्या त्या दिवशी मैदानावर होते ते कोणी मस्कतला, कोणी गावी पांगले. आम्ही दोघे राहिलो. लोकांनी त्याला निष्ठा म्हटले.

बनियन नंबर ४ जाळून टाकावी. ढाल तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून बरोबर बसते, मी मापून पाहिले आहे. रंजिताने तिचा तसाच उपयोग करावा. भिंतीला लावू नये.

६. दिनांक २७ फेब्रुवारी १९९८, शुक्रवार. हे कलम रफिकने सावकाश वाचावे.

शुक्रवार सुट्टीचा, पण साइटवर थोड्या माणसांची ओव्हरटाइम असे. सराव असला की आमच्यातले ओव्हरटाइमवाले साइटवर न जाता मैदानावर यायचे आणि वासुदेव त्यांच्या नावापुढे हजेरीत ‘पी’ लिहायचा. तो टाइमकीपर होता. हनीफभाईंना हे ठाऊक होते. ते म्हणायचे, “जा खेळा रे, तुमचं काम मी ओढतो.” आणि खरेच ओढायचे. त्या दिवशी किसनची ओव्हरटाइम होती. हजेरीत तो साइटवर होता, प्रत्यक्षात माझ्या शेजारी.

समोर परका संघ नव्हता. आमचीच दोन अंगे करून सराव चालला होता, पुढच्या शुक्रवारी अंतिम सामना होता. साडेअकराच्या सुमारास चढाईवाला माझ्या कोपऱ्यात शिरला. त्याचे नाव लिहीत नाही, त्याचा दोष नाही. मी डाव्या हाताने घोटा धरला. उजव्या हातात किसन. वरून चौघे कोसळले. किसनचे डोके खाली आणि अंगावर ओझे, असे झाले. तो कुशीवर वळायला बघत होता. ते मला हातात कळले. मी हात सोडला असता तर तो वळला असता. मला वाटले पकड सुटेल. मी सोडला नाही. शिट्टी झाली, सगळे उठले, पकड मिळाली होती. किसन उठला नाही. त्याची मान वाकडी होती, श्वास चालू होता.

बघणारे चारपाच जण होते. त्यांना वाटले उन्हाने चक्कर आली.

मी म्हणालो, “कुसैसचा दवाखाना दहा मिनिटांवर आहे.”

वासुदेव म्हणाला, “तिकडे पहिला क्वेश्चन काय, कुठे पडला? ग्राउंडवर म्हटलास की क्लेम खलास. माझी नोकरी खलास. ज्यांचे ज्यांचे पी लावलेत ते सगळे अंदर. त्याच्या बायकोला काय तुझी बनियन देणार? साइटवर नेऊ. तिथून कंपनी हॉस्पिटलला नेईल. ट्रीटमेंट पण मिळेल, क्लेम पण मिळेल. यल्ला, उचला.”

ते ऐकायला शहाणपणाचे वाटले, हे मी कबूल करतो. निघण्यापूर्वी त्याने सकाळचाच नारळ पुन्हा हातात घेतला आणि घाईघाईने गाऱ्हाणे घातले, की बा भैरी, लेकरांचे पांघरूण हो, जे झाले ते या बारा जणांच्या पोटात राहू दे, आणि जो फोडील त्याच्या घराला बघ. आम्ही ‘होय महाराजा’ म्हटले. मीही म्हटले. किसनला ऐकू येत होते की नाही ते मला माहीत नाही.

पिकअपमध्ये वासुदेव गाडी चालवायला आणि मी मागे, किसनचा हात धरून. गरहूदच्या पुलापर्यंत त्याची बोटे माझ्या हातात हलत होती. मी मागच्या काचेवर थाप मारून म्हणालो, “हात हलतोय, गाडी वळव.” वासुदेव म्हणाला, “आता पुढेच जवळ आहे.” मी दुसऱ्यांदा सांगितले नाही. पूल ओलांडल्यावर बोटे थांबली.

शेख झायेद रोडवरच्या आमच्या साइटवर पोचलो तेव्हा जुम्म्याची नमाज चालू होती. हनीफभाई आणि वॉचमन मशिदीत, बाकीचे मागच्या अंगाला जेवत होते. किसनला परांचीखाली ठेवला. वासुदेव म्हणाला, नुसता ठेवून भागणार नाही, वरची फळी निसटलेली दिसली पाहिजे. वर मी चढलो. फळीला तार हनीफभाईंच्या हातची होती. बाकीचे पाच पीळ देत, हनीफभाई सात देत. माझ्याकडे पक्कड नव्हती. खिळा घालून एकेक पीळ उलटा सोडवला. बोटे सोलली. सात होते, मी मोजले. मग फळी ढकलून दिली आणि खाली उतरलो.

हनीफभाई नमाजहून आले आणि त्यांनी ते पाहिले. पोलिसांनी विचारले, काम चालू असताना जागा सोडून का गेलास, फळी कशी सुटली. ते म्हणाले, माझी चूक. सहा महिने तुरुंगात राहिले आणि तिथून परत पाठवले गेले, पुन्हा या देशात येता येणार नाही असा शिक्का घेऊन.

२००० साली मेमध्ये मी सुट्टीवर गेलो आणि सगुणाला भेटायला म्हणून तिच्या घरी गेलो. अंगणात हनीफभाई उभे होते. तांदळाची गोणी स्वतःच्या पाठीवरून आणलेली. दर ईदेनंतर येतात, असे शेजारणीने सांगितले. खाडीच्या होडीतून उतरून चार मैल चालतात. सगुणा ओटीवर बसून त्यांच्याकडे पाहत नव्हती. गोणी ठेवून ते निघाले, तेव्हा तिने उठून त्यांच्या पावलांवर पाणी ओतले, स्मशानातून परतलेल्यांच्या पावलांवर ओततात तसे. त्यांनी ते मुकाट्याने ओतून घेतले. मी पाणंदीत त्यांना गाठले.

म्हणाले, “केरू, तू रे? बरा आहेस ना?” आणि लगेच, “मला वाटलं होतं तो खेळायला गेलाय. माझ्या माघारी येऊन चढला असणार. खाली कोणाला उभं करून जायचं होतं मी. आणि पीळ कमी पडला असणार. रोज मोजतो मी, त्या फळीला किती दिले होते ते. आठवत नाही.”

मी विचारले, “भाई, पोलिसांना हजेरीची गोष्ट का नाही सांगितलीत? की पोरं खेळायला जातात म्हणून?”

“कशाला? तुम्ही सगळे अडकला असता. एक माणूस गेला तेवढा पुरे.”

ते आता शिडीवर चढत नाहीत. घराची कौले चाळायला परका माणूस बोलावतात. तेव्हा त्या पाणंदीत आम्ही दोघेच होतो, तिसरे कोणी नव्हते. एक वाक्य सांगायचे होते. मी म्हणालो, “होतं असं, भाई. नशीब.” आणि त्यांची परतीची होडी चुकू नये म्हणून त्यांना माझ्या भावाच्या सायकलवर बसवून जेटीपर्यंत सोडले. उतरल्यावर त्यांनी माझे आभार मानले.

एवढ्यासाठी मला माझा भरवसा नाही.

७. माझ्या पेटीत तळाला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, हातभर तार आहे. गंजलेली आहे, पण पिळांच्या खुणा तिच्यावर दिसतात. ती हनीफभाईंना द्यावी. भाई, मोजून पाहा. सात आहेत. तुमची फळी सुटली नव्हती. ती मी सोडवली, आणि सोडवताना रक्त आले इतकी ती पक्की होती. खाली कोणाला उभे करायला हवे होते असे मनात आणू नका. किसन वर चढलाच नव्हता. तुम्ही नमाजला गेलात तेव्हा तुमच्या साइटवर कोणालाही इजा झाली नव्हती.

हा कागद घेऊन पोलिसात, कंपनीत, पंचायतीत कुठे जायचे की चुलीत घालायचा, ते तुम्ही ठरवा. माझ्या घरच्यांनी त्यात तोंड घालू नये. एकच मागतो. हा कागद सगुणाला तुमच्यादेखत वाचून दाखवला जावा, आणि पुढच्या ईदेला तुम्ही गोणी घेऊन जाऊ नये. गेलातच तर पाहुणे म्हणून जावे.

८. सगुणा, तुझ्या नवऱ्याला मी ओळखत होतो आणि त्याचा हात मी चुकीच्या वेळी धरून ठेवला. नंतर गाडी वळवण्याचा जो हेका धरायला हवा होता तो मी धरला नाही. तू जे पाणी हनीफभाईंच्या पायांवर ओतलेस ते माझे होते. माझ्या दारात येऊन ओतलेस तर रंजिता तुला अडवणार नाही, तिला मी इथेच सांगून ठेवतो.

९. मी इथेच मेलो तर मला विमानाने न्यायचा खटाटोप करू नये. माझ्यासाठी भैरीला गाऱ्हाणे घालू नये. जो फोडील त्याच्या घराला बघ, असे आम्ही देवाला सांगितले आहे. देवाला बघायचेच असेल तर त्याने माझी छाती बघितली आहे, आता रंजिता आणि मनालीकडे वळू नये. एवढे मात्र गावच्या गुरवाने माझ्या वतीने देवाला सांगावे.

१०. रंजिता म्हणेल, मेलेला माणूस घरच्यांच्या आधी परक्याच्या दारात का जातो. आमच्या खेळात बाद झालेला माणूस बाहेर रेघेवर बसतो. समोरचा एक मारला की आपला एक आत येतो. कोण यायचे ते कप्तान ठरवत नाही, लाडका-दोडका चालत नाही. जो आधी बाद झाला तो आधी आत. हनीफभाई १९९८ पासून बाहेर बसले आहेत, आणि ते बाद झालेच नव्हते. आधी ते. मग सगुणा. मग तुम्ही.

वरील मजकूर मी समजून-उमजून लिहिला असून तो बदलायला मी परत येणार नाही. रफिकने न वाचता सही केली आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा वासुदेवसाठी ठेवली आहे. आज दुपारी हा कागद त्याच्या खोलीत, त्याच्या हातात देऊन येणार आहे. तो फाडील तर दुसरी प्रत रफिकच्या गादीखाली आहे. वकील म्हणतील, दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र पक्के होत नाही. तर मग कच्चे राहू दे. घर कायद्याने रंजिताचेच होईल, आणि हनीफभाईंना वाचून दाखवायला कच्चा कागदही पुरतो. त्या जागी दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये.

सही
केरू रावजी मांडवकर
मुक्काम सोनापूर, दुबई
५ डिसेंबर २००३

साक्षीदार पहिला
केरूभाऊंनी माझ्यासमोर सही केली. कागद वाचलेला नाही.
रफिक इस्माईल चौगुले, एसी मेकॅनिक, रूम नंबर ३१
५ डिसेंबर २००३

साक्षीदार दुसरा
वाचले. दोन दिवस ठेवून घेतले, फाडले नाही. दिनांक २७ फेब्रुवारी १९९८ च्या हजेरीत किसन सखाराम जोगळे यांच्या नावापुढचा पी माझ्या हातचा आहे. ते त्या दिवशी साइटवर गैरहजर होते. कलम ६ मध्ये एक चूक आहे, ती दुरुस्त करतो. गाडी वळव असे केरूने एकदा नाही, दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा तो रडत होता, म्हणून त्याला आठवत नसेल. मी दोन्ही वेळा ऐकले.
वासुदेव शंकर पालशेतकर, टाइमकीपर
सोनापूर, ७ डिसेंबर २००३